राव्दनाच्या चाकूची मूठ

लेमेतला चाकू करता येतो हे स्काइदे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याला बोलता येत नाही हेही. तसा तो मुका नव्हता. हवा, बर्फ, बर्फावरच्या स्कूटरचा तुटलेला पट्टा, असल्या विषयांवर तो तास तास बोले. पण राव्दना समोर आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. अशी ती अकरा वर्षं चिकटत आली होती.

राव्दना विधवा, पन्नाशी गाठलेली, उंचीने बेताची आणि आवाजाने दणकट. हिवाळाभर ती इथे पठारावर असे आणि एप्रिल संपता संपता आपला रेनडियरचा कळप घेऊन समुद्रकिनारी जाई, ती थेट ऑक्टोबरात परते. किती जनावरं होती तिच्याकडे? असं आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. पण कळप तळ्यावरून निघाला की पहिलं जनावर पलीकडच्या काठाला लागेपर्यंत शेवटचं अलीकडेच उभं असे, एवढं सांगितलं तरी पुरे.

लेमेतकडे मात्र एकही नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी भर जानेवारीत पाऊस पडला, त्यावर पुन्हा थंडी आली आणि सगळ्या रानावर काचेसारखा थर बसला. जनावरं खुरांनी उकरून उकरून थकली, पण खालच्या शेवाळापर्यंत पोचली नाहीत. लेमेतचा लहानसा कळप त्या हिवाळ्यात गेला. तेव्हापासून तो बहीण गारेनच्या अंगणातल्या लाकडी खोलीत राहून चाकू करत होता. लोक त्याच्या हाताला मानत, पण कळप नसलेला पुरुष म्हणजे आमच्याकडे अर्धाच माणूस. लेमेतलाही ते पटलेलं होतं.

तर एप्रिलच्या सुरुवातीला राव्दना घसरगाडीची तुटलेली पट्टी घेऊन त्याच्या खोलीवर आली. कॉफी प्यायली, सुकं मांस चघळलं आणि उठता उठता म्हणाली, "लेमेत, मला एक चाकू कर. पातं तुझ्या हातचं, मूठ शिंगाची. आणि मूठ सुटता कामा नये हं. आधीच्या नवऱ्याने दिलेल्या चाकूची मूठ लग्नाच्या पंगतीतच सुटली होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी."

"आधीच्या... म्हणजे?" लेमेतने कसंबसं विचारलं.

"आधीच्या म्हणजे आधीच्या," म्हणत राव्दना निघून गेली.

गारेन दारातच उभी होती. भावापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि कानाने हरणाहून तिखट. ती आत येऊन खाली बसली ती पोट धरून हसतच.

"अरे मठ्ठा, आधीचा म्हटलं की पुढचा आलाच ना! आणखी काय हवंय तुला, पाद्रीबाबाने येऊन समजावून सांगायला?"

"ती मला..."

"तुलाच. तिचा कळप कधी निघतो? पंचवीसला. किनाऱ्यावर तो मासेवाला इव्हार वाटच बघतोय. दोन बोटी आहेत त्याच्याकडे आणि नवे दात. तुझ्याकडे काय आहे? हातोडी. मग लाग कामाला!"

लेमेत लागला. वडिलांची एक जुनी कानस होती. ती त्याने भट्टीत लाल केली, ऐरणीवर ठोकून लांब केली, पाणी दिलं, घासली. तीन दिवसांत असं पातं उतरलं की खिडकीतलं ऊन त्यावर पडून छतावर माशासारखं पोहायला लागलं. गारेनने टोमणा मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

अडलं ते मुठीशी. त्याच्या पडवीत शिंगांचा ढीग होता, पण एक तडकलेलं, दुसरं आतून फार पोकळ, तिसऱ्याला बाकच नाही. दुसऱ्या कुणाचा चाकू असता तर त्याने चालवून घेतलं असतं. या चाकूला चालवणं नव्हतं.

म्हणून सकाळी तो पायात स्की चढवून गाल्बा टेकडीवर निघाला. पक्ष्यांसाठी लावलेले फासेही बघायचे होते आणि वाटेत एखादं गळून पडलेलं शिंग दिसलं तर तेही. रेनडियरच्या खच्ची केलेल्या नरांची, म्हणजे बैलांची, शिंगं एप्रिलात गळतात, आणि बैलाचंच शिंग मुठीला चांगलं, घट्ट आणि जड. ऊन लख्ख होतं. लेमेत स्वतःशीच गुणगुणत चढत होता.

टेकडीच्या माथ्यावर अचानक धुकं आलं. दुधावरची साय उचलून कुणी डोळ्यांपुढे धरावी तसं, पातळ आणि उजळ. लेमेत थांबला. दहा पावलांवर एक पांढरा बैल बसून रवंथ करत होता. रेनडियरमध्ये पांढरा निघतो, अगदीच नवल नाही. पण हा आतून उजेड असल्यासारखा पांढरा होता. गळ्यात लाल लोकरीचा विणलेला पट्टा, पट्ट्याला पितळेची घंटा. बैलाने मान हलवली, घंटा हलली. आवाज मात्र आला नाही.

लेमेतला वाटलं, कानावरची टोपी जाड आहे. त्याने टोपी वर केली. बैलाने पुन्हा मान झटकली आणि त्याचं डावं शिंग गळून बर्फावर पडलं. मग बैल उठला, एकवार लेमेतकडे बघितलं आणि धुक्यात चालत गेला.

शिंग काय सुंदर होतं! वजनदार, खालच्या भागाला नेमका तळहाताएवढा बाक. "नशीब काढलंस लेमेत," तो मोठ्याने म्हणाला आणि ते उचलून पिशवीत टाकलं. हातमोज्यातूनही ते कोमट लागलं. धुकं गेलं. बैल बसला होता तिथे त्याने सहज नजर टाकली. भुसभुशीत बर्फ होता, काल रात्रीच पडलेला. पण तो कुठेच दबलेला नव्हता.

वाऱ्याने भरून निघाला असेल, असं त्याने ठरवलं. वारा नव्हता. पण मनात लग्न असलं की माणूस असल्या बारीकसारीक गोष्टींत पडत नाही.

शिंग आठवडाभर चुलीवर टांगून वाळवलं. मग खालचा तुकडा करवतीने कापला. शिंग घासताना जळक्या केसांसारखा वास येतो, लेमेतच्या नाकाला तो सवयीचा होता. या शिंगाच्या भुकटीला ओल्या गवताचा वास आला. बाहेर चार फूट बर्फ, आणि खोलीभर जूनमधल्या कुरणाचा वास. त्याने गिरमिटाने आतला मऊ गाभा पोखरला, तुकडा उकळत्या पाण्यात धरला आणि पात्याचं मागचं निमुळतं टोक त्यात दाबलं. एरवी इथे दात-ओठ खावे लागतात, हातोडी मारावी लागते. हे टोक लोण्यात जावं तसं गेलं, आणि शेवटचं बोटभर तर आपण न दाबताच गेलं असं त्याला वाटलं.

मुठीवर त्याने बारीक नक्षी कोरली, कोरलेल्या रेघांत भूर्जाच्या सालीचा काळा-तांबडा रंग चोळला. दुसऱ्या दिवशी नवा सदरा घालून राव्दनाकडे गेला. राव्दनाने चाकू म्यानासकट हातात घेतला, तोलून बघितला, मुठीवरून अंगठा फिरवला. "ऊबदार आहे रे," ती म्हणाली. मग तिने चाकू उपसला.

मूठ तिच्या हातात आली. पातं म्यानातच राहिलं.

लेमेत बर्फापेक्षा पांढरा पडला. राव्दना आधी मुठीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे, आणि मग असं हसू फुटलं तिला की डोळ्यांत पाणी आलं. "जा, जा! अजून सहा दिवस आहेत. इव्हारला मी अजून पत्र टाकलेलं नाही."

आयुष्यात लेमेतची मूठ कधी सुटली नव्हती. घरी येऊन त्याने आत डिंक भरला, मुठीतून आणि पोलादातून आरपार भोक पाडून पितळी खिळा घातला, दोन्ही बाजूंनी ठोकून सपाट केला. चाकू शिकंज्यात धरून तो स्वतः त्याला लोंबकळला तरी मूठ हलेना. समाधानाने तो गारेनकडे जेवायला गेला. रेनडियरच्या मांसाचा रस्सा आणि भाकरी. अर्ध्या तासात परत आला तर टेबलावर पातं एकीकडे, मूठ दुसरीकडे. मधे खिळा. सरळ, कोरा, जणू ठोकलाच नव्हता. डिंकाचा तर मागमूस नाही.

"गारेन!" तो अंगणातून ओरडला. "खोलीत कोण आलं होतं?"

"माझ्यासमोर रस्सा ओरपत होतास ना? मीही तिथेच होते. आपल्या दोघांशिवाय इथे आहे कोण?" ती एप्रनला हात पुसत आली, टेबलाकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच हसली नाही. "पुन्हा बसव. मी इथे बसते. बघू या कसं सुटतं ते."

लेमेतने पुन्हा बसवली. या वेळी दोन खिळे. दोघं बहीणभाऊ टेबलाच्या दोन्ही अंगांना कॉफीचे पेले घेऊन बसले. भर दुपार होती. खिडकीतून ऊन थेट चाकूवर पडलं होतं. चुलीतलं लाकूड तडतडत होतं. पागोळ्या ठिबकत होत्या. गारेन इव्हारच्या दातांबद्दल काहीतरी सांगत होती, ती बोलता बोलता थांबली.

"लेमेत... ती नक्षी कुठे गेली?"

मुठीवरची नक्षी दिसत नव्हती. तिच्यावर काहीतरी आलं होतं. लेमेतने वाकून बघितलं. पीचच्या फळावर असते तशी मऊ, करडी लव. उन्हाळ्यात वाढत्या शिंगावर असते तीच मखमल. त्याने बोट टेकवलं. मूठ गरम होती. आणि मखमलीखाली, अगदी हळू, काहीतरी ठोके देत होतं...

"काढ बोट," गारेन कुजबुजली.

त्याने बोट काढलं. दोन्ही खिळे एकापाठोपाठ एक बाहेर सरकले आणि टेबलावर टिक, टिक वाजले. मुठीने अंग झटकलं, झोपेतलं जनावर कातडी थरथरवतं तसं. मग ती पात्यावरून गळून पडली. तिच्या तोंडाशी रक्ताचा एक थेंब आला आणि तिथेच थांबला.

बाहेर अंगणात घंटा वाजली. एकदाच. दोघांनी खिडकीतून बघितलं. ऊन, बर्फ, लाकडांची रास. दुसरं काही नव्हतं.

गारेनने कॉफीचा पेला खाली ठेवला. "कुठून आणलंस ते शिंग?"

लेमेतने सांगितलं. पांढरा बैल, लाल पट्टा, मुकी घंटा, न दबलेला बर्फ, सगळं.

"विचारलंस?"

"कुणाला विचारू? तिथे कुणी नव्हतं."

"अरे, गळ्यात घंटा होती ना! घंटा काय बैल स्वतः बांधून घेतो? ज्याच्या गळ्यात घंटा त्याला मालक असतो, एवढं तुला कळू नये?" तिचा आवाज पुन्हा खाली गेला. "खालच्यांचा बैल आहे तो."

खालचे म्हणजे जमिनीखाली राहणारी मंडळी. आपल्यासारखीच. घरं, चुली, कळप, सगळं आपल्यासारखं, फक्त आपल्याहून देखणं. आमच्याकडे त्यांचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही आणि त्यांची थट्टाही करत नाही. पोलादाला ती मंडळी हात लावत नाहीत, एवढंच काय ते आपल्या बाजूचं.

गारेनने लगेच राव्दनाला फोन लावला. लेमेत हातवारे करून नको नको म्हणत होता, पण ती बोलत सुटली, मखमलीपासून रक्तापर्यंत. पाव तासात राव्दनाची स्कूटर अंगणात घरघरली. ती डोक्याला शाल गुंडाळून आली होती, काखेत कॉफीचं पुडकं. हसत नव्हती, पण घाबरलेलीही दिसत नव्हती.

"परत द्यायला हवं," ती म्हणाली. "आत्ताच, उजेड आहे तोवर. मी येते."

"तू कशाला..." लेमेत म्हणाला.

"चाकू कुणाचा आहे?"

 मूठ आणि उरलेलं शिंग लेमेतने रुमालात गुंडाळलं. रुमालातही ते धडधडत होतं. निघताना गारेनने त्याला पडवीत ओढलं आणि उघडं पातं कातड्यात गुंडाळून त्याच्या खिशात सरकवलं.

"म्हातारी माणसं सांगायची," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "त्यांच्या जनावरावरून पोलाद फेकलं, पलीकडे पडलं, की ते जनावर आपलं. आणि घंटेचा बैल आपला झाला की मागचा सगळा कळप आपला. माझं काही म्हणणं नाही हं. पण घे बरोबर."

स्कूटर टेकडीच्या पायथ्याशी ठेवून दोघं चालत चढली. चढताना राव्दना हळू आवाजात गात होती, शब्द नसलेलं, आपण येतोय हे कळावं म्हणून गातात तसलं. अर्ध्या वाटेवर धुकं आलं. तेच, पातळ आणि उजळ. राव्दनाने गाणं थांबवलं.

गाणं थांबलं नाही.

ते पायाखालून येत होतं. तोच सूर, तिथूनच पुढे उचललेला, एका बाईच्या आवाजात. त्याबरोबर आला कॉफीचा वास, ताज्या भाजलेल्या कॉफीचा, आणि भूर्जाच्या लाकडाचा धूर. बर्फातून कुठेच धूर येत नव्हता. मग खाली कुणीतरी भांडं आदळलं आणि दुसरं कुणी त्याला रागावलं. शब्द कळत नव्हते, पण रागावणं घरातलंच होतं.

"माणसांसारखीच आहेत गं..." लेमेत पुटपुटला.

"हळू," राव्दना म्हणाली. "ऐकू जातं."

आणि बैल दिसला. दहा पावलांवर, उभा. एकच शिंग. त्याच्यामागे धुक्यात काहीतरी होतं. आधी आवाज आला: कट... कट... कट... रेनडियर चालतो तेव्हा त्याच्या पायाच्या शिरा अशा वाजतात. एक नाही, शंभर नाही. सगळी टेकडी कटकटत होती. मग शिंगं दिसली, धुक्यातल्या पानगळीच्या रानासारखी, नजर पोचेल तिथवर. इतकी जनावरं, पण एकाच्याही तोंडातून वाफ निघत नव्हती. जनावराचा वास नव्हता. सगळी लेमेतकडे बघत होती.

लेमेतचा हात खिशात होता. पात्याची धार अंगठ्याला लागत होती. दहा पावलं. एवढ्यावरून त्याने पोरवयातही फास फेकून मान पकडली असती. एक हात उचलायचा, एक झटका, आणि सगळा कळप त्याचा. मग किनाऱ्यावर राव्दनाच्या बरोबरीने चालता येईल, मागून नाही. पुन्हा पुरा माणूस होता येईल... त्याने पातं बाहेर काढलं. हात वर गेला.

बैलाने मान हलवली नाही. राव्दना बाजूलाच होती.  तिच्या श्वासाचासुद्धा आवाज येत नव्हता.

खाली ती बाई अजून गात होती. आणि लेमेतला एकदम तो नऊ वर्षांपूर्वीचा जानेवारी आठवला. काचेच्या थरावर आडवी पडलेली त्याची जनावरं, आणि एकेकाला नावाने हाका मारत फिरणारा तो स्वतः. खाली पण उद्या कुणीतरी असंच फिरेल. हाका मारत.

त्याचा हात खाली आला. पातं त्याने मागे, आपल्या पाठीशी बर्फात खोचलं, म्हणजे ते त्यांच्या मधे राहणार नाही. मग गुडघ्यावर बसून रुमाल पुढे ठेवला आणि उघडला.

"तुमचं आहे," तो म्हणाला. या वेळी जीभ टाळूला चिकटली नाही. "मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझ्याकडे जनावरं नाहीत, म्हणून आठवलं नाही की दुसऱ्यांची असतात. चुकलं माझं. या बाईसाठी चाकू करत होतो. अकरा वर्षं मनात आहे, तेही तिला सांगितलं नाही. एवढंच."

राव्दनाने कॉफीचं पुडकं रुमालाशेजारी ठेवलं. तिचे कान लाल झाले होते, आणि ते थंडीने नव्हतं.

गाणं थांबलं. क्षणभर सगळी टेकडी गप्प झाली. मग खालून हसू आलं, आधी एकीचं, मग पुष्कळांचं, लग्नघरात हसतात तसं, मोकळं आणि मोठं. ते इतकं जवळून आलं की लेमेतच्या गुडघ्याखालचा बर्फ थरथरला. धुकं दाटलं, रुमाल दिसेनासा झाला, आणि निवळलं तेव्हा बैल नव्हता, कळप नव्हता, पुडकं नव्हतं. रुमाल नीट घडी घातलेला होता. घडीवर शिंगाचा एक तुकडा.

जुना होता तो, मधासारखा पिवळा, हातांनी हाताळून गुळगुळीत झालेला. मुठीच्या मापाचा. आत भोकही पाडलेलं होतं.

"मी नाही हात लावणार," लेमेत म्हणाला.

"दिलेलं न घेणं म्हणजे तोंडावर थुंकणं," राव्दना म्हणाली. तिने तुकडा उचलला, पातं बर्फातून उपटलं आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं. "बसव. तुझं काम आहे ते."

लेमेतने टोक भोकाला लावलं. निम्मं आत गेलं. मग त्याच्या हातांना जाणवलं की पलीकडून कुणीतरी धरून ओढतंय... हळू, पण पक्कं. पातं मुठीला येऊन भिडलं आणि थांबलं. राव्दनाने मूठ धरली, लेमेतने कातड्यातून पातं. दोघांनी ओढलं. पाय रोवून ओढलं. शेवटी दोघंही पाठीवर पडली, पण चाकू अखंड.

"सुटत नाही," राव्दना आडवी पडूनच म्हणाली.

"नाही."

"मग पंचवीसला तयार राहा. आणि तो नवा सदरा आण, दुसरे सगळे भयंकर आहेत."

दोघं टेकडी उतरली ती जवळजवळ पळतच, हसत. भीती होती म्हणून हसत होती की आनंद होता म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अंगणात गारेन वाट बघत होती. तिने आधी भावाचे रिकामे हात बघितले, मग राव्दनाचे लाल कान, आणि म्हणाली, "कळप नाही आणला ना? बरं झालं. ठेवायला जागा नव्हती."

जूनमध्ये किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये लग्न लागलं. इव्हारने पंगतीसाठी पेटीभर मासे पाठवले आणि स्वतः येऊन सगळे दात दाखवून हसला. माणूस वाईट नव्हता. पंगतीत राव्दनाने नव्या चाकूने मांस कापलं. सगळे मुठीकडे बघत होते. मूठ जागची हलली नाही.

जुलैत वासरांच्या कानांना खुणा करायचा दिवस आला. कळप कुंपणात घेतात, वासरू आईच्या मागे धावतं, त्यावरून ते कुणाचं ते ठरतं, आणि मालक त्याच्या कानांच्या कडेला आपल्या खाचा कापतो. प्रत्येक घराची खूण वेगळी. दुपारभर धूळ, हाका, कुत्री, आयांचं हंबरणं. राव्दना धरत होती, लेमेत कापत होता, दोघंही घामाने निथळलेली आणि खुशीत होती.

मधेच लेमेतला जाणवलं की गुडघ्याला काहीतरी घासतंय. खाली बघितलं तर पांढरं वासरू. कुंपणात त्याला शोधणारी आई नव्हती. ते पळत नव्हतं, भीतही नव्हतं. आपलंच कुणी असल्यासारखं त्याला टेकून उभं होतं.

"कुणाचं गं हे?" म्हणत त्याने कान हातात घेतला, आणि त्याचा चाकू तसाच राहिला.

कानांना खाचा आधीच होत्या. डाव्याचा शेंडा उडवलेला, खाली दोन खाचा. उजव्याला मागून एक अर्धगोल. लेमेतची खूण. त्याच्या बापाची, आजाची. नऊ वर्षं ती कुणी कुठल्या कानात कापली नव्हती.

राव्दना वाकून बघत होती. 

"तू केलीस?"

"नाही."

"मग पोसायला लागणार," ती म्हणाली आणि हसली. जरा उशिराच हसली.

लेमेतने खाचांच्या कडेवरून बोट फिरवलं. चाकूने कापलेली कड सरळ असते. ही सरळ नव्हती, पोलादाने कापलेलीच नव्हती. एकाशेजारी एक, बारीक, माणसाच्या दातांचे ठसे होते. आणि त्याच्या बोटाला जी ओल लागली ती रक्ताची नव्हती. ती अजून कोमट होती.